यंत्राच्या पोटातली नावं

भिलाईहून नंदिनीच्या रस्त्याला लागलं की पुढे अहिवारा येतं. दुर्ग जिल्ह्यातलं हे छोटं नगर चुनखडीच्या पट्ट्यात आहे. भिलाई पोलाद कारखान्याची नंदिनी खाण इथे शेजारीच. जिथे ट्रकने दगड वाहतात तिथे वजनकाटा आलाच. ट्रक काट्यावर चढतो, खिडकीपाशी ठेवलेल्या डब्यावर लाल आकडे थोडे हिंदकळतात, मग ठरतात आणि पावती हातात येते. अशा काट्याला एक पट्टी असते. तिच्यावर उत्पादकाचं नाव, कमाल आणि किमान क्षमता, मॉडेल मंजुरीचा क्रमांक. वैधमापनशास्त्राच्या नियमांना ही पट्टी लागते. निरीक्षक ती बघतो, तपासणी करतो, सील लावतो. काटा कोणी बनवला हे त्यामुळे कोणालाही वाचता येतं.

डब्याच्या आत चालणारा कोड कोणी लिहिला हे मात्र त्या पट्टीवर नसतं. तो सगळाच्या सगळा उत्पादकाने लिहिलेला असण्याची शक्यता आज फार कमी. लोडसेलचा सिग्नल वाचून त्याचे किलो करणं हा भाग कंपनीचा स्वतःचा असेल. पण आकडा छापण्याजोग्या रूपात आणणं, प्रिंटरशी बोलणं, वजन नेटवर्कवरून ऑफिसात पाठवणं, यासाठी फुकट मिळणारा, वर्षानुवर्षं तावून सुलाखून निघालेला ओपन सोर्स कोड असतो आणि शहाणा इंजिनिअर तोच उचलतो. उचलण्याला कोणाची हरकत नसते. लिहिणाऱ्याने तो त्यासाठीच मोकळा ठेवलेला असतो. बऱ्याच परवान्यांत त्याची मुख्य मागणी एवढीच असते, की माझं नाव आणि परवान्याचा हा मजकूर काढून टाकू नका.

इतकी स्वस्त अट, आणि ती सर्रास मोडली जाते. माझ्या मते त्यामागे लबाडी कमी असते, गाफीलपणा जास्त. नाव ठेवायचं कुठे, हा प्रश्न यंत्र तयार होऊन खोक्यात जाईपर्यंत कोणाला पडतच नाही, आणि तेव्हा पडला तरी उत्तर हाती लागत नाही.

ज्या यंत्राला पडदा आहे त्याचं तुलनेने सोपं. छत्तीसगडात मराठी माणसं नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून आहेत. पोलाद कारखाना उभा राहिल्यावर नोकरीच्या निमित्ताने आणखी आली. अशा एखाद्या घरातला अँड्रॉइड टीव्ही घ्या. सेटिंग्जमध्ये ‘कायदेशीर माहिती’ असं काहीसं पान असतं. ते उघडून रिमोटची खालची कळ दाबत राहिलं तर अंगठा दुखेल, पण यादी संपणार नाही. ते पान म्हणजे टीव्हीच्या पोटातल्या कोडचा श्रेयनामा.

त्याच टीव्हीवर ‘स्थिती’ हा शब्द उमटायला काय लागतं ते जरा जवळून बघू. संगणकाच्या साठवणीत पहिली वेलांटी ‘स्थ’च्या नंतर येते, पडद्यावर ती आधी काढावी लागते. ‘स’ अर्धा करून ‘थ’ला जोडावा लागतो. हे जुळवाजुळवीचं काम अँड्रॉइडमध्ये ‘हार्फबझ’ नावाची लायब्ररी करते. जुळलेल्या आकाराच्या रेषांचे ठिपके करण्याचं काम ‘फ्रीटाइप’ करते. आणि ते आकार मुळात येतात ‘नोटो सान्स देवनागरी’ या फॉन्टमधून. तीन वेगळ्या गटांचं काम, तीन वेगळे परवाने. हार्फबझचा जुन्या एमआयटी धाटणीचा. फ्रीटाइपचा दुहेरी, म्हणजे जीपीएल घ्या किंवा त्यांचा स्वतःचा घ्या, आणि स्वतःच्या परवान्यात त्यांनी स्पष्ट म्हटलंय की उत्पादनाच्या कागदपत्रांत आमच्या प्रकल्पाचा उल्लेख करा. फॉन्टचा ‘ओपन फॉन्ट लायसन्स’. पडद्यावरच्या एका मराठी शब्दामागे श्रेयाची तीन देणी.

फॉन्टचा परवाना मला या सगळ्यांत समजूतदार वाटतो. तो म्हणतो की हक्कसूचना आणि परवाना वेगळ्या मजकूर-फाइलीत द्या, नाहीतर खुद्द फॉन्टच्या फाइलीत त्यासाठी जे रकाने असतात त्यांत ठेवा. फक्त वापरणाऱ्याला ते सहज बघता यायला हवेत. प्रत्येक फॉन्टच्या पोटात ‘नेम’ नावाचा तक्ता असतो, त्यात हक्कसूचना, आरेखकाचं नाव, परवान्याचा मजकूर अशा नोंदी असतात. मुंबईच्या ‘एक टाइप’ने केलेला ‘मुक्ता’ हा फॉन्ट असाच मोकळा आहे; गिरीश दळवी आणि यशोदीप घोलप यांचं काम त्यात आहे. आता समजा कोणी हा फॉन्ट एखाद्या छोट्या यंत्राच्या चिमुकल्या पडद्यासाठी वापरला. तिथे अख्खी फॉन्ट-फाइल मावत नाही. मग एक साधन लागणारी अक्षरं तेवढी निवडतं, त्यांचे ठिपके करून सी भाषेतल्या आकड्यांची एक लांब रांग बनवतं, आणि ती रांग कोडमध्ये चिकटवली जाते. अक्षरं आली, ‘नेम’ तक्ता गळला. कोणी नाव खोडलं नाही, पण नाव गेलं. दोन वर्षांनी त्या कंपनीतल्या नव्या मुलाला विचारलं की ही अक्षरं कुठून आली, तर तो म्हणेल, आधीपासूनच होती.

हेच सगळ्या कोडचं होतं, कारण कंपायलरचा स्वभावच तसा. ओपन सोर्स कोडच्या बहुतेक फाइलींच्या माथ्यावर वीस-पंचवीस ओळींची टिप्पणी असते: हक्क कोणाचा, साल कोणतं, अटी काय. ही टिप्पणी माणसांसाठी असते. कंपायलर कोडचं यंत्रभाषेत रूपांतर करतो तेव्हा सगळ्या टिप्पण्या आधी बाजूला टाकतो. शिल्लक उरते ती शून्य-एकांची फाइल, आणि ती चिपमध्ये जाते. वारकरी संतांनी आपलं नाव अभंगाच्या वर लिहिलं नाही, शेवटच्या चरणात ओवलं. नाममुद्रा काढायची तर चरणच मोडावा लागतो, म्हणून शतकानुशतकं तोंडोतोंडी जाऊनही ती टिकली. कोडच्या माथ्यावरची टिप्पणी अशी ओवलेली नसते, ती नुसती वर ठेवलेली असते.

ओवणारेही आहेत. ‘झीलिब’ ही डेटा दाबून लहान करणारी लायब्ररी १९९५ पासून आहे. जाँ-लू गेली आणि मार्क ॲडलर हे तिचे कर्ते. यातले ॲडलर पुढे नासाच्या ‘स्पिरिट’ या मंगळावरच्या बग्गीच्या मोहिमेतही होते. राउटर, टीव्ही, कॅमेरे, मोबाइल, झीलिब कुठे नाही हे सांगणं अवघड. तिचा परवाना इतका उदार आहे की तयार यंत्रात नाव देण्याची सक्तीच नाही. पण कोडमध्ये एका जागी लेखकाने विनंती लिहून ठेवलीय: उत्पादनाच्या कागदपत्रांत उल्लेख केलात तर आनंद आहे, काही कारणाने जमत नसेल तर निदान ही एक ओळ तुमच्या प्रोग्रॅममध्ये राहू द्या. आणि ती ओळ, म्हणजे नाव, आवृत्ती आणि सालं, टिप्पणीत न ठेवता कोडमधल्या एका चलात ठेवलीय. चल म्हणजे प्रोग्रॅमचा अवयव. कंपायलर तो सहसा फेकत नाही. त्यामुळे झीलिब असलेल्या एखाद्या राउटरचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या चिपमधला प्रोग्रॅम, उलगडून त्यातला वाचता येणारा मजकूर तेवढा गाळून काढायची ‘स्ट्रिंग्ज’ ही आज्ञा चालवली, तर हजारो निरर्थक ओळींतून अचानक ‘कॉपीराइट’ आणि पुढे मार्क ॲडलर हे नाव समोर येतं. एखाद्या कंपनीने कोणता कोड वापरलाय हे शोधणारे लोक पहिली कुदळ इथेच मारतात.

झीलिबसारखं औदार्य सगळ्यांचं नसतं, आणि नसावं असाही नियम नाही. बीएसडी परवाना अगदी सरळ सांगतो: मूळ कोड वाटलात तर ही सूचना त्यात ठेवा, तयार यंत्रभाषेतला प्रोग्रॅम वाटलात तर ती सूचना सोबतच्या कागदपत्रांत किंवा इतर साहित्यात छापा. एमआयटी परवाना दोन-तीन परिच्छेदांचा. सगळ्या प्रतींत हक्कसूचना आणि परवान्याचा मजकूर असावा एवढंच मागतो. २००४ चा अपाचे परवाना म्हणतो की मूळ कोडसोबत ‘नोटीस’ नावाची फाइल असेल तर तिच्यातला श्रेयाचा मजकूर पुढे न्या. लिनक्सच्या गाभ्याला लागू असलेला १९९१ चा जीपीएल यांच्या पुढे जातो. परवान्याची प्रत द्या, बदल केलेल्या फाइलींवर बदल केल्याची तारखेसह नोंद करा, आणि यंत्रासोबत मूळ कोड द्या. किंवा मागेल त्याला तो नाममात्र खर्चात देऊ असं निदान तीन वर्षं लागू राहणारं लेखी वचन द्या. उलट टोकाला ‘बूस्ट’ परवाना आहे, तो यंत्रभाषेतल्या प्रोग्रॅमला सूचनेतून स्वच्छ सूट देतो.

आता जागेचा हिशेब करू. आर्डुइनो उनो हा विद्यार्थ्यांच्या हाती असणारा बोर्ड. त्यावरच्या चिपमध्ये प्रोग्रॅमसाठी ३२ किलोबाइट जागा. एमआयटी परवान्याचा मजकूर साधारण १ किलोबाइट, अपाचेचा ११ च्या आसपास, जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीचा जवळपास १८. म्हणजे नुसता जीपीएलचा मजकूर चिपमध्ये कोंबला तर अर्ध्याहून जास्त जागा त्यातच जाईल, आणि कोंबला तरी तो दाखवायचा कुठे? लाल आकड्यांच्या डब्यावर? सहा आकड्यांच्या खिडकीतून परवाना सरकवत नेला तर ड्रायव्हर हॉर्न वाजवून वाजवून गाव गोळा करेल. म्हणून ज्या यंत्राला पडदा नाही त्याचं श्रेय खोक्यातल्या कागदावर किंवा मॅन्युअलमध्ये जातं, आणि बीएसडीला तेवढं चालतं. हल्ली अनेक जण नुसता क्यूआर कोड छापतात आणि यादी वेबसाइटवर ठेवतात. मला हे पटत नाही. काटा पंधरा वर्षं चालतो. कंपनीची वेबसाइट तितकी वर्षं जशीच्या तशी राहिलेली मी फारशी पाहिलेली नाही. राउटरला तर ही सबबही नाही. त्याचं स्वतःचं व्यवस्थापनाचं पान असतं, त्यात एक दुवा वाढवायला काहीच पडत नाही.

दुसरी अडचण साखळीची. एक उदाहरण घेऊ. वायफायवर चालणारा पंपाचा स्विच. आत शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची ईएसपी३२ ही चिप. चिप घेतली की तिच्यासोबत कंपनीचा सॉफ्टवेअर-संच मिळतो, आणि त्यात आधीपासून बरंच काही असतं. एकाच वेळी अनेक कामं सांभाळणारी ‘फ्रीआरटॉस’, जी रिचर्ड बॅरी यांनी २००३ मध्ये सुरू केली आणि जी २०१७ पासून ॲमेझॉनच्या छायेखाली एमआयटी परवान्यावर मिळते. इंटरनेटशी बोलणारी ‘एलडब्ल्यूआयपी’, स्वीडनच्या ॲडम डंकेल्स यांची, बीएसडी परवान्याची. तिच्या फाइलींवर स्वीडिश इन्स्टिट्यूट ऑफ कॉम्प्युटर सायन्सची हक्कसूचना असते. वायफायची किल्ली-कुलपं सांभाळणारा कोड, ज्याचे मूळ कर्ते जौनी मालिनेन. गुप्तलेखनासाठी ‘एम्बेड टीएलएस’. आणि या सगळ्यांच्या तळाशी ‘न्यूलिब’.

न्यूलिबबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण ती न दिसणारी आहे. सी भाषेत आकडा छापायला, दोन मजकूर जोडायला, वर्गमूळ काढायला जी तयार फंक्शनं असतात ती छोट्या चिपसाठी बहुधा न्यूलिबमधून येतात. प्रोग्रॅमर ती वेगळी डाउनलोड करत नाही. कंपायलरच्या संचासोबत ती आपोआप येते आणि प्रोग्रॅममध्ये मिसळते. तिच्यासोबत परवान्यांची एक फाइल येते. ती उघडली तर एकामागून एक सूचना: कॅलिफोर्निया विद्यापीठ, सन मायक्रोसिस्टिम्स, निरनिराळ्या व्यक्ती, निरनिराळ्या कंपन्या. नवख्याला वाटतं आपण दहा ओळींचा दिवा लुकलुकवणारा प्रोग्रॅम लिहिला. त्याने एखादा आकडा छापायची ओळ घातली की कुणाकुणाचं देणं त्याच्या नावावर चढतं. कंपायलरकडून आपोआप मिसळणाऱ्या कोडपुरती काहींनी सूट देऊन ठेवलीय. ‘जीसीसी’ या कंपायलरच्या रनटाइम लायब्ररीला तशी सूट आहे, ‘एलएलव्हीएम’ या दुसऱ्या कंपायलर-संचाने अपाचे परवान्याला तसा अपवाद जोडलाय. न्यूलिबमधल्या बीएसडी सूचनांना असा आडोसा नाही.

चिप कंपनीकडून मॉड्यूल बनवणाऱ्याकडे, त्याच्याकडून सर्किट बोर्ड करणाऱ्याकडे, तिथून प्लास्टिकचा डबा लावून आपलं नाव छापणाऱ्याकडे, मग दुकानात. प्रत्येक टप्प्यावर पुढे जातं ते फर्मवेअर. परवान्यांची फाइल मागेच राहते, कारण ती मागितलेली नसते. जाहीर झालेलं पहिलं मोठं प्रकरण अगदी असंच घडलं. लिंक्सिस कंपनीचा ‘डब्ल्यूआरटी५४जी’ हा निळा-काळा राउटर २००२ च्या अखेरीस बाजारात आला. २००३ मध्ये सिस्कोने लिंक्सिस विकत घेतली, आणि त्याच वर्षी लिनक्सच्या लोकांनी दाखवून दिलं की राउटरमध्ये लिनक्स आहे, पण मूळ कोडचा पत्ता नाही. सिस्कोने विकत घेतलेली कंपनी, तिने बाहेरून घेतलेली चिप, चिपसोबत आलेलं सॉफ्टवेअर. घोळ कितीतरी हात खाली झालेला. शेवटी कोड खुला करावा लागला, आणि त्यातून २००४ मध्ये ‘ओपनडब्ल्यूआरटी’ हा प्रकल्प उभा राहिला, जो आज कितीतरी राउटरांत चालतो. तरीही पुढची उत्पादनं नीट झाली नाहीत म्हणून फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने डिसेंबर २००८ मध्ये सिस्कोला कोर्टात खेचलं. मे २००९ मध्ये तडजोड झाली.

पण नुसत्या नावापायी झालेल्या खटल्यांत सगळ्यात वाचनीय आहे तो खेळण्यातल्या आगगाड्यांचा. रॉबर्ट जेकब्सन हे कॅलिफोर्नियात बर्कलीला भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. हौस मॉडेल रेल्वेची. या छोट्या इंजिनांच्या पोटात एक डीकोडर चिप असते. वेग किती, दिवा कधी, शिट्टी कधी हे त्यात भरावं लागतं, आणि प्रत्येक कंपनीच्या चिपची तऱ्हा वेगळी. जेकब्सन आणि त्यांच्यासारख्या हौशी मंडळींनी ‘जेएमआरआय’ या प्रकल्पात या चिपांचा तपशील देणाऱ्या फाइली तयार केल्या आणि ‘आर्टिस्टिक लायसन्स’खाली मोकळ्या केल्या. मॅथ्यू कॅट्झर यांच्या कंपनीने त्या आपल्या विक्रीच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतल्या. घेण्याला बंदी नव्हतीच. पण घेताना लेखकांची नावं गेली, हक्कसूचना गेली, परवान्याच्या फाइलीचा उल्लेख गेला, फाइली मूळ कुठल्या हे गेलं आणि त्यांत आपण काय बदललं हेही सांगितलं गेलं नाही.

खालच्या कोर्टाने म्हटलं की परवाना म्हणजे करार. तो मोडला तर फार तर करारभंगाचा दावा करा. हे जर कायम राहिलं असतं तर फुकट दिलेल्या कोडच्या अटींना फारसा अर्थच उरला नसता, कारण जिथे पैसाच घेतलेला नाही तिथे करारभंगाने बुडालं किती हे दाखवणार कसं? १३ ऑगस्ट २००८ रोजी वरच्या फेडरल सर्किट कोर्टाने हा निर्णय फिरवला. श्रेय देणं आणि बदल सांगणं या कोड वापरण्याच्या परवानगीला जोडलेल्या अटी आहेत, असं ते म्हणालं. अट पाळली नाही तर परवानगी नाही, आणि परवानगी नाही म्हणजे कॉपीराइटचा भंग. फुकट कोडमध्येही अर्थकारण असतं, नाव पसरतं, वापरणारे वाढतात, त्यांच्याकडून सुधारणा परत येतात, हेही कोर्टाने मान्य केलं. २०१० मध्ये तडजोड झाली आणि कॅट्झर यांच्याकडून जेकब्सनना १ लाख डॉलर देण्याचं ठरलं. खेळण्यातल्या इंजिनाच्या चिपवरून आलेला हा निकाल आज मोठमोठ्या कंपन्यांचे वकील तोंडपाठ सांगतात.

श्रेयाचा अतिरेकही होतो, हे कबूल करायला हवं. जुन्या बीएसडी परवान्यात एक कलम होतं: उत्पादनाच्या प्रत्येक जाहिरातीत, त्यातल्या वैशिष्ट्याचा उल्लेख असेल तिथे, बर्कली विद्यापीठाने हे लिहिलंय असं वाक्य घाला. मग इतरांनीही विद्यापीठाच्या जागी आपापलं नाव घालून तेच कलम लावलं. जीपीएलचे कर्ते रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘नेटबीएसडी’ या ऑपरेटिंग सिस्टिमच्या १९९७ च्या आवृत्तीत अशी ७५ वाक्यं मोजली. जाहिरातीत ७५ वाक्यं! जुलै १९९९ मध्ये विद्यापीठाने ते कलम मागे घेतलं. ‘ओपनएसएसएल’ या गुप्तलेखनाच्या लायब्ररीचा जुना परवाना मात्र असाच होता. तिच्या मूळ कोडचे लेखक एरिक यंग यांचं नाव घेणारं वाक्य कितीतरी राउटरांच्या मॅन्युअलमध्ये त्यामुळेच छापलं गेलं. २०२१ मध्ये तिसऱ्या आवृत्तीसोबत ओपनएसएसएल अपाचे परवान्यावर गेलं.

रॉब लँडली यांचा अनुभव याहून बोलका. ‘बिझीबॉक्स’ म्हणजे एम्बेडेड लिनक्समधल्या शेकडो छोट्या आज्ञांची एकच जुडी. २००७ मध्ये मॉन्सून मल्टिमीडिया कंपनीवर तिच्या वतीने जो दावा झाला तो अमेरिकेतला जीपीएलचा पहिला दावा मानतात, आणि लँडली त्यात वादी होते. पुढे त्यांचंच मन त्यातून उडालं. त्यांनी ‘टॉयबॉक्स’ नावाने तेच काम नव्याने लिहिलं आणि असा परवाना निवडला जो नावही मागत नाही. ढिगाने साठणाऱ्या त्याच त्या सूचनांचा त्यांना उबग आला होता. आज अँड्रॉइडमध्ये टॉयबॉक्सच आहे. लँडलींचा वैताग मला समजतो, तरी त्यांचा उपाय सगळ्यांनी घ्यावा असं वाटत नाही. टीव्हीवरचं ते लांबलचक पान कोणी वाचत नाही हे खरं, पण ते वाचण्यासाठी नसतंच. कधी काही बिघडलं, कोणता कोड कुठे आहे हे शोधायची वेळ आली, तर सापडावं म्हणून असतं.

कधी कधी वाचणाराही भेटतो, आणि भलतंच वाचतो. स्वीडनचे डॅनियल स्टेनबर्ग यांचं ‘कर्ल’ हे इंटरनेटवरून फाइली आणायचं साधन १९९८ पासून आहे. त्याच्या हक्कसूचनेत त्यांचं नाव आणि ई-मेल पत्ता. मोटारींच्या डॅशबोर्डवर परवान्यांचं पान आलं, तशी जगभरच्या चालकांची पत्रं त्यांना येऊ लागली: गाणी वाजत नाहीत, नकाशा उघडत नाही, काय करू? २०१८ मध्ये टोयोटा कोरोलाच्या एका मालकाने केलेली अशी विचारणा त्यांनी स्वतःच जगजाहीर केली होती. पडद्यावर माणसाचं नाव आणि पत्ता एवढं एकच दिसलं, तेव्हा बिचाऱ्याने त्यालाच विचारलं. यात हसण्यासारखं आहेच. पण त्या अख्ख्या मोटारीत पत्ता देणारा हा एकच भला माणूस त्याला सापडला, हेही आहे.

भारतात हा विषय कुठे बसतो? १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक आज्ञावली ‘साहित्यकृती’च्या व्याख्येत येते, म्हणजे कादंबरी आणि फर्मवेअर कायद्याच्या एकाच कप्प्यात. कलम ५७ लेखकाला विशेष हक्क देतं: हक्क विकून टाकला तरी कृती माझी आहे हे सांगण्याचा अधिकार त्याच्याकडे राहतो. पण याच कलमाच्या स्पष्टीकरणात म्हटलंय की कृती न दाखवणं, किंवा लेखकाच्या समाधानाइतकी न दाखवणं, हा त्या हक्काचा भंग नाही. म्हणून मला वाटतं, कोडच्या बाबतीत खरी धार परवान्याच्या अटीला आहे: परवानगी अटीवर होती, अट पाळली नाही, तर वापर विनापरवाना झाला. शिवाय कलम ६३ ख अन्वये भंग केलेल्या प्रतीचा जाणूनबुजून संगणकावर वापर केल्यास सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. परदेशी लेखकाचा कोड असेल तरी बर्न या आंतरराष्ट्रीय कॉपीराइट करारामुळे त्याला इथे संरक्षण मिळतं.

कोर्टापेक्षा आता दुसऱ्या बाजूने रेटा येतोय, तो सुरक्षेच्या. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या यंत्रणेने ऑक्टोबर २०२४ मध्ये सॉफ्टवेअरच्या घटकांची यादी कशी ठेवावी याची मार्गदर्शक तत्त्वं काढली. कारण साधं आहे: एखाद्या लायब्ररीत भगदाड सापडलं तर ती आपल्याकडे कुठे कुठे आहे हे तासाभरात कळायला हवं. त्या यादीत घटकाचं नाव, आवृत्ती, पुरवठादार यांच्यासोबत परवान्याचीही नोंद अपेक्षित आहे. ज्या कंपन्यांनी श्रेयाचं पान कधी मनावर घेतलं नाही, त्यांना आता जवळजवळ तीच यादी वेगळ्या नावाने करावी लागतेय. यादी लिहिण्याची पद्धतही ठरलीय: ‘एसपीडीएक्स’ नावाचा नमुना २०२१ मध्ये आयएसओ मानक झाला, आणि कोडच्या फाइलीच्या माथ्यावर वीस ओळींऐवजी परवान्याचं छोटं चिन्ह असलेली एक ओळ पुरते.

छोट्या कारखान्यालाही हे जड नाही, फक्त वेळेवर करायला हवं. यंत्रात लिनक्स असेल आणि ते ‘बिल्डरूट’ने बांधत असाल, तर ‘लीगल-इन्फो’ नावाची एक आज्ञा आहे. ती चालवली की एक फोल्डर तयार होतं: प्रत्येक घटकाचं नाव, आवृत्ती आणि परवाना यांचा तक्ता, परवान्यांचे मजकूर, आणि ज्यांचा मूळ कोड द्यावा लागतो त्यांचा कोड. ‘योक्टो’ हे लिनक्स बांधायचं दुसरं साधन बांधणी करतानाच परवान्यांची यादी काढून ठेवतं. ‘झेफर’ या छोट्या चिपसाठीच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये एसपीडीएक्स यादी काढायची सोय आहे. जे हाताने उचललंय, म्हणजे कुठूनतरी घेतलेलं एखादं फंक्शन किंवा आकड्यांची रांग झालेला फॉन्ट, ते मात्र यातलं कुठलंच साधन ओळखत नाही. ते ज्या दिवशी उचललं त्याच दिवशी, उचलणाऱ्यानेच, शेजारी एक मजकूर-फाइल ठेवून लिहावं लागतं: कुठून, कोणाचं, कोणत्या परवान्याचं.

आणि हे फोल्डर फर्मवेअरच्या प्रत्येक आवृत्तीसोबत वेगळं जपावं लागतं. जीपीएलच्या लेखी वचनाची तीन वर्षं शेवटचं यंत्र विकलं गेलं त्या दिवसापासून धरणं शहाणपणाचं. ग्राहकाच्या हातात २.१ आवृत्ती आहे आणि कंपनीकडे फक्त ३.४ चा कोड शिल्लक आहे, असं चालत नाही. त्याला त्याच्या यंत्रातलाच कोड द्यावा लागतो. हे वचन परवान्याच्या शब्दांत कोणत्याही तिसऱ्या माणसाला लागू आहे, म्हणजे ज्याने यंत्र विकतही घेतलेलं नाही त्याचंही पत्र आलं तर कोड पाठवावा लागतो, आणि त्यासाठी प्रत काढण्याच्या व पाठवण्याच्या खर्चाहून जास्त पैसे मागता येत नाहीत.